शॉटगनचा दस्ता आणि नेमबाजाचा डोळा

पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले आणि महाराष्ट्रात घरोघरी रायफल नेमबाजीवर बोलणे सुरू झाले. त्या रायफलीवर दोन साईट असतात. एक मागे, डोळ्याजवळ. दुसरी पुढे, नळीच्या टोकाशी. गोळ्या एका बाजूला पडू लागल्या की मागच्या साईटची घुंडी एक-दोन खटके फिरवायची आणि पुढे चालायचे. शॉटगनवर ही सोय नाही. तिच्या नळीच्या टोकावर एक लहानसा मणी असतो आणि मागे काहीच नसते. मागच्या साईटचे काम नेमबाजाचा स्वतःचा डोळा करतो. तो डोळा नळीच्या मागे नेमका किती उंचीवर आणि किती मधोमध येऊन थांबणार, हे ठरवतो तो लाकडी दस्ता. गाल दस्त्यावर टेकला की डोळ्याची जागा ठरली, आणि डोळ्याची जागा ठरली की छर्रे कुठे जाणार तेही बऱ्याच अंशी ठरले.

बंदूक माणसाच्या अंगाला बसवणे, म्हणजे जिला इंग्लंडातले बंदूककार 'गन फिटिंग' म्हणतात ती कला, या एवढ्या एका गोष्टीतून जन्माला आली. शंभराहून अधिक वर्षे तिच्यावर वाद चालू आहे. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांच्यासारख्या घराण्यांच्या परंपरेत गिऱ्हाइकाचे माप घेतल्याशिवाय दस्ता कोरायला घेत नाहीत. दुसऱ्या टोकाला, वडिलांची बंदूक आहे तशी उचलून आयुष्यभर उत्तम नेम मारणारी माणसे सगळ्या देशांत सापडतात. त्यांचे म्हणणे असे की, माणूस बंदुकीला जुळवून घेतो, बंदुकीला माणसाच्या मागे धावायची गरज नाही. या वादात माझे मत ठाम आहे. माप महत्त्वाचे आहेच, पण नुसत्या उभ्या असलेल्या माणसाच्या हाताचे आणि खांद्याचे माप घेऊन फारसे काही हाती लागत नाही. बंदूक उचलून गालाला आणि खांद्याला लावण्याची त्याची हालचाल आधी पक्की व्हायला हवी, आणि माप त्या हालचालीचे घ्यायला हवे. गायकाची पट्टी त्याचा गळा बघून कळत नाही, तो गायला लागल्यावरच कळते. आणि आवाज फुटायच्या वयात ठरवलेली पट्टी पुढे टिकत नाही. दस्त्याचेही तसेच आहे.

आधी भूमिती पाहू, कारण तिच्याबद्दल वाद नाही. डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंतचे अंतर साधारण ९० सेंटिमीटर असते. लक्ष्य म्हणून हवेत उडवलेली तबकडी ३६ मीटरवर असेल तर ते अंतर याच्या ४० पट झाले. म्हणजे डोळा असायला हवा त्यापेक्षा ३ मिलिमीटर वर राहिला, तर छर्र्यांच्या झोताचा मध्य तबकडीपाशी सुमारे १२ सेंटिमीटर वर जातो. ऑलिंपिकमधल्या तबकडीचा व्यास ११ सेंटिमीटर आहे. ब्रिटिश फिटरांचा जुना हिशेबही हेच सांगतो: १६ यार्डांवर एक इंच चूक दिसली तर दस्त्यात एक सोळांश इंचाचा बदल करा.

हा आकडा ऐकून घाबरायचे कारण नाही. शॉटगन एक गोळी फेकत नाही, शेकडो छर्रे फेकते. तिची पसर मोजण्याचे रूढ माप म्हणजे ४० यार्डांवर ३० इंच, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ. १२ सेंटिमीटरच्या चुकीने तबकडी सुटतेच असे नाही. मग एवढा आटापिटा कशासाठी? कारण नेमबाजाच्या स्वतःच्या चुकांना जी जागा हवी असते, ती दस्त्याने आधीच खाल्लेली असते. वाऱ्याने तबकडी थोडी उचलली, चाप किंचित उशिरा ओढला गेला, डोके अर्धा क्षण आधी उठले. या प्रत्येक चुकीला झोताच्या रुंदीत सामावून घेता येते. दस्त्याची चूक त्यात आधीच बसली असेल तर तीच लहान चूक तबकडी सोडून देते. आणि वाईट हे की, ही चूक प्रत्येक फैरीत एकाच बाजूला पडते. नेमबाजाला वाटते, आपला दिवस खराब आहे.

चूक कोणत्या बाजूला जाते हे लक्षात ठेवायला सोपे आहे. डोळा जिकडे सरकला, छर्रे तिकडे जातात. गाल फार उंच राहिला तर झोत वर, फार खाली बुडाला तर खाली. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डोळा नळीवरच्या पट्टीच्या डावीकडे राहिला तर झोत डावीकडे. रायफलीची मागची साईट जशी वागते तसाच डोळा वागतो.

दस्त्याच्या मापांत सर्वात आधी विचारली जाते ती लांबी, म्हणजे चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक बंदुकांत ती साडेचौदा इंचांच्या आसपास, म्हणजे ३७० मिलिमीटरच्या जवळ असते. दुकानात एक जुनी युक्ती अजून चालते: दस्त्याचे टोक कोपराच्या घडीत ठेवायचे आणि तर्जनी चापापर्यंत पोहोचते का बघायचे. या युक्तीने हाताची लांबी कळते, एवढेच. मान किती लांब, खांदे किती रुंद, उभे राहताना छाती लक्ष्याकडे किती वळलेली, पुढचा हात नळीवर किती लांब धरलेला, अंगावर कपडा किती जाड, यातले काहीही तिला माहीत नसते. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज, त्याच्या काळातला नावाजलेला नेमबाज, डावा हात जवळजवळ सरळ ताणून नळीवर पुढे धरायचा. अशा पद्धतीने मारणाऱ्याचे धड आणि खांदे वेगळ्या कोनात येतात, डोकेही वेगळ्या जागी बसते. त्याच उंचीचा, तेवढ्याच लांब हातांचा दुसरा माणूस हात जवळ धरत असेल तर दोघांना एकच लांबी चालणार नाही. लांबी जास्त झाली की दस्ता उचलताना काखेत किंवा कपड्यात अडकतो. कमी झाली की मुठीचा अंगठा नाकावर आपटतो. बऱ्याच जणांना लांबीच सर्वात मोठी वाटते, कारण ती दिसते. माझ्या मते तीन-चार मिलिमीटरच्या फरकात तिचा दोष बहुतेकांना सोसता येतो. उंचीतला तेवढाच दोष मात्र सोसत नाही.

उंचीचे माप म्हणजे ड्रॉप. नळीवरची पट्टी सरळ मागे वाढवली अशी कल्पना करा. त्या रेषेपासून दस्त्याची वरची धार किती खाली आहे, ते अंतर. गाल जिथे टेकतो त्या धारेला कॉम्ब म्हणतात. कॉम्बच्या पुढच्या टोकाशी साधारण दीड इंच आणि दस्त्याच्या मागच्या वरच्या कोपऱ्याशी, म्हणजे हीलशी, सव्वादोन ते अडीच इंच, ही नेहमीची मापे. म्हणजे कॉम्ब मागे उतरता असतो. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी बंदुकांत हीलचा ड्रॉप तीन इंच किंवा त्याहून जास्त असे; तेव्हाचे नेमबाज मान ताठ ठेवून, डोके उंच धरून मारत. आज तशी बंदूक हातात घेतली की माणूस गाल टेकवायला जातो आणि डोळा पट्टीच्या खाली बुडतो; मग तो नकळत डोके वर उचलतो, आणि डोके उचलणारा नेमबाज प्रत्येक वेळी वेगळ्या उंचीवर उचलतो. ड्रॉपच्या बाबतीत चूक करायचीच असेल तर दस्ता किंचित उंच असावा, असे मला वाटते. उंच कॉम्बवर गाल थोडा दाबता येतो. खोल दस्त्यावर गालाला आधारच नसतो.

कास्ट म्हणजे दस्त्याला दिलेला बाजूचा बाक. गाल रुंद असतो, डोळा गालाच्या आत असतो, आणि खांदा नळीच्या रेषेच्या बाहेर असतो. म्हणून उजव्या खांद्यासाठी दस्ता थोडा उजवीकडे वळवतात. हीलशी पाव इंच आणि खालच्या कोपऱ्याशी त्याहून जरा जास्त, असे माप इंग्लिश बंदुकांत वारंवार दिसते. भरलेल्या गालाच्या, रुंद छातीच्या माणसाला जास्त लागते. सडपातळ चेहऱ्याच्या माणसाला जवळजवळ लागत नाही. डावखुऱ्याला हाच बाक उलट्या बाजूला हवा, आणि डावखुऱ्यांचे खरे हाल इथेच होतात: उजव्या हाताचा तयार दस्ता त्याच्या गालाला प्रत्येक फैरीला ढकलून बाजूला सारतो. पिच, म्हणजे दस्त्याच्या मागच्या पृष्ठभागाचा नळीच्या रेषेशी असलेला कोन, याचा विचार उरलेल्या तिन्हींनंतर करावा. तो चुकला तर दस्ता फैर सुटताना खांद्यावरून वर किंवा खाली घसरतो, किंवा त्याचा एक कोपरा छातीत रुततो.

ही मापे गिऱ्हाइकावर कशी घ्यायची, याचे उत्तर बर्मिंगहॅमच्या विल्यम पामर जोन्स याने १८८९ मध्ये 'ट्राय गन'ने दिले. या बंदुकीच्या दस्त्यात सांधे आणि स्क्रू असतात. लांबी, ड्रॉप, कास्ट हे सगळे जागेवर बदलता येते, पाहिजे तसे घट्ट करून तिच्याने मारून बघता येते, आणि सापडलेली मापे लाकडात उतरवता येतात. फिटर आधी बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री करतो, नेमबाजालाही करायला लावतो. मग समोर उभा राहून नळीच्या टोकाकडून त्याचा डोळा पट्टीच्या वर कुठे दिसतो ते पाहतो. बाहुली पट्टीच्या बरोबर मध्ये, अगदी किंचित वर दिसायला हवी. अनेक दुकाने इथेच थांबतात. मला हा अर्धा प्रवास वाटतो. नेमबाज शांतपणे बंदूक लावून उभा असतो, कुणी आपल्या डोळ्यात बघते आहे हे त्याला ठाऊक असते, त्यामुळे तो गाल हळूच नेमका हवा तिथे ठेवतो. उडत्या तबकडीवर तो तसे करत नाही.

म्हणून पुढची पायरी म्हणजे पांढरा रंग दिलेली लोखंडी पाटी. १६ यार्डांवर तिच्यावर मध्यभागी खूण असते. नेमबाजाने बंदूक खाली धरायची, खुणेकडे बघायचे, झटकन उचलून मारायचे. निशाणा धरायचा नाही, मण्याकडे बघायचे नाही. अशा अनेक फैरींच्या झोतांचा सरासरी मध्य जिथे येतो, तिथे हालचाल खरे बोलते. एका फैरीवर कधीच निर्णय करू नये. झोत विखुरलेले येत असतील, म्हणजे कधी वर, कधी डावीकडे, कधी बरोबर, तर फिटरने माप घेणे थांबवून नेमबाजाला परत प्रशिक्षकाकडे पाठवावे. विखुरलेल्या झोताला कोणताही दस्ता दुरुस्त करत नाही. झोत एकाच ठिकाणी, पण चुकीच्या ठिकाणी येत असतील, तेव्हाच लाकडाला हात लावायचा. या एका नियमाने बाजारातला अर्धा गोंधळ मिटेल, असे मला मनापासून वाटते.

हालचालीचा प्रश्न आला की दोन ब्रिटिश नावे टाळता येत नाहीत. रॉबर्ट चर्चिल (१८८६–१९५८) लंडनचा बंदूककार होता आणि खुनाच्या खटल्यांत बंदुकांचा तज्ज्ञ साक्षीदार म्हणूनही गाजला. तीस इंची नळ्यांचे कौतुक असलेल्या काळात त्याने २५ इंचांच्या आखूड नळ्यांची बंदूक काढली. त्याचे म्हणणे असे: नजर फक्त पक्ष्यावर, मणी विसरायचा, किती पुढे मारायचे याचा हिशेब करायचा नाही, छाती लक्ष्यासमोर ठेवून सगळे शरीर वळवायचे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचे, आणि बंदूक नजर जाईल तिकडे आपोआप जाईल. पर्सी स्टॅनबरी वेस्ट लंडन शूटिंग स्कूलमध्ये शिकवायचा. त्याने गॉर्डन कार्लाइलसोबत १९६२ मध्ये 'शॉटगन मार्क्समनशिप' हे पुस्तक लिहिले. त्याच्या पद्धतीत शरीर थोडे तिरके उभे राहते आणि वजन पुढच्या पायावरच ठेवले जाते. दोघेही उत्तम शिक्षक होते. चर्चिलच्या पद्धतीने समोर छाती करून उभा राहणारा नेमबाज आखूड दस्त्यावर खूश असतो, स्टॅनबरीच्या पद्धतीने तिरका उभा राहणाऱ्याला तोच दस्ता बोटभर कमी पडतो. माणूस तोच, शरीर तेच, आणि माप दोन. हात मोजून दस्ता बसवणाऱ्यांना याचे उत्तर देता येत नाही. चर्चिलच्या पद्धतीची आणखी एक बाजू लक्षात घेण्यासारखी आहे: मण्याकडे न बघता मारायचे असेल तर डोळ्याची जागा तपासायला मारताना वेळच नसतो, म्हणून त्याच्या पद्धतीला दस्त्याचे माप जितके बिनचूक लागते तितके दुसऱ्या कुठल्या पद्धतीला लागत नाही.

स्पर्धेच्या प्रकाराने माप बदलते, हेही इथूनच समजते. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये तबकड्या १५ मीटर पुढच्या खंदकातून दूर जात वर चढतात. नेमबाज बंदूक आधीच खांद्याला लावून हाक देतो. त्याला गाल निवांत बसवायला वेळ असतो, आणि चढणाऱ्या तबकडीवर मारायचे असते म्हणून दस्ता उंच ठेवून झोत मुद्दाम थोडा वर मारणारी बंदूक तो पसंत करतो. म्हणजे तबकडी नळीआड न जाता सतत दिसत राहते. स्कीटमध्ये नियमच उलटा आहे. हाक दिल्यावर तबकडी शून्य ते तीन सेकंदांत कधीही सुटते, आणि ती दिसेपर्यंत दस्ता कमरेजवळ जॅकेटवरच्या खुणेला टेकलेला असावा लागतो. मग दस्ता वर आणायचा, गालाला लावायचा, फिरत मारायचे, आणि हे सगळे एका श्वासात. इथे जी लांबी ट्रॅपमध्ये आरामाची वाटते तीच कपड्यात अडकते. एकाच नेमबाजाला दोन्ही प्रकार खेळायचे असतील तर दोन दस्ते ठेवावेत. इटलीत ब्रेशियाजवळच्या बोत्तिचिनोत बनणाऱ्या पेराझ्झी बंदुका स्पर्धकांत इतक्या लोकप्रिय का, याचे एक कारण हे आहे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी १९६४ चा ट्रॅप विजेता एन्निओ मात्तारेल्ली याच्या सल्ल्याने तयार झालेल्या एमएक्स ८ या मॉडेलपासून दस्ता वेगळा काढून दुसरा बसवणे ही तिथे नेहमीची गोष्ट झाली.

आता डोळा. दस्त्याचे सगळे माप उजव्या खांद्यामागच्या उजव्या डोळ्यासाठी घेतले, आणि मेंदू मात्र डाव्या डोळ्याचे ऐकत असला, तर मेहनत वाया जाते. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या वस्तूकडे बोट करा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने बघताना बोट वस्तूवरच राहते तो प्रबळ डोळा. उजव्या हाताचे काही लोक डाव्या डोळ्याचे असतात, काहींचे दोन्ही डोळे सारखे वागतात, काहींचे थकल्यावर किंवा वयाने पालटते. प्रशिक्षक सांगतात की मुलांत आणि स्त्रियांत हा पेच त्यांना जास्त वेळा भेटतो. उपाय आहेत: डावा डोळा फैरीच्या क्षणी मिटणे, चष्म्याच्या डाव्या काचेवर नेमक्या जागी छोटीशी धूसर पट्टी चिकटवणे, किंवा नवशिका असेल तर सरळ डाव्या खांद्याने मारायला शिकवणे. इंग्लंडात काही जणांसाठी दस्ता इतका वळवून बनवत की बंदूक उजव्या खांद्यावर असूनही नळी डाव्या डोळ्यापुढे येई. माझ्या मते डोळ्याची तपासणी हे फिटिंगचे पहिले काम असावे. प्रत्यक्षात अनेकदा ते सर्वात शेवटी, नेमबाज कंटाळल्यावर होते.

स्त्रियांच्या बाबतीत उद्योगाने खूप उशीर केला. पुरुषाचा दस्ता आखूड कापून 'लेडीज' म्हणून विकणे हा बराच काळ एकमेव उपाय होता. आखूड केल्याने लांबीचे काम होते, बाकीचे तसेच राहते. मान लांब असेल तर कॉम्ब उंच लागतो, छातीच्या ठेवणीमुळे दस्त्याचा खालचा कोपरा बाहेर वळवावा लागतो आणि पिच वाढवावा लागतो, हात लहान असेल तर चापाजवळची मूठ बारीक हवी. इटालियन कंपनी सीझर ग्वेरिनीने 'सायरन' ही खास स्त्रियांच्या मापांची बंदूक आणली, तेव्हा ही गरज कारखान्याच्या पातळीवर मान्य झाली असे म्हणता येईल. भारतात शगुन चौधरी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ट्रॅपमध्ये उतरली. शॉटगनमध्ये ऑलिंपिकला गेलेली ती पहिली भारतीय स्त्री. तिच्यामागून मुलींची चांगली फळी तयार झाली आहे. त्यांच्या खांद्यावर येणारी पहिली बंदूक मात्र अजूनही अनेकदा काका-वडिलांच्या मापाचीच असते.

मापाचा परिणाम नेमावर होतो तसा शरीरावरही होतो. बारा बोरच्या बंदुकीचा धक्का खोल ड्रॉपच्या दस्त्यात नळीला वर फेकतो, दस्ता गालाच्या हाडावर आपटतो. सरळ दस्त्यात तोच धक्का मागे खांद्यात जातो. ऑलिंपिक स्पर्धेत २४ ग्रॅम छर्ऱ्यांची काडतुसे वापरतात, त्यांचा एकेक धक्का मोठा नसतो; पण प्राथमिक फेरीत १२५ तबकड्या असतात. शंभराव्या तबकडीला ज्याचा गाल दुखतो तो एकशेएकाव्याला डोके उचलतो. मुलांना बंदुकीची भीती बसते ती बहुतेक वेळा आवाजाने नव्हे, चुकीच्या दस्त्याने गालावर दिलेल्या फटक्याने. या मुद्द्यावर कुणी दुमत मांडताना मी ऐकलेले नाही, तरी नवशिक्याच्या हातात खोल दस्ता सर्रास दिला जातो.

माप सापडल्यावर लाकूड कसे बदलायचे? अक्रोडाचा दस्ता मुठीजवळ गरम जवसाच्या तेलाने किंवा इन्फ्रारेड दिव्यांनी तापवून वाकवता येतो. लाकडाच्या रेषा मुठीतून आडव्या जात असतील तर तडा जायचा धोका खरा असतो, आणि वाकलेला दस्ता काही दिवसांनी थोडा परतही येतो. वरखाली नळ्यांच्या आधुनिक बंदुकांत दस्ता बहुधा एका आरपार बोल्टने जोडलेला असतो, म्हणून बदलणे सोपे. बेरेटाच्या स्वयंभरी बंदुकांसोबत येणाऱ्या पातळ चकत्या मुठीच्या जोडात घालून ड्रॉप आणि कास्ट दोन्ही बदलता येतात. सरकता कॉम्ब हा तर खेळाडूंसाठी वरदान आहे. फक्त एक सावधगिरी: त्याचे स्क्रू फार सोपे असतात. दोन तबकड्या सुटल्या की कॉम्ब फिरवायचा मोह होतो, आणि आठवड्याभराने नेमबाजाला स्वतःला कळत नाही की चूक दस्त्यात आहे की हातात. एका वेळी एकच माप बदलावे, तारीख घालून वहीत लिहावे, आणि पाटीवर तपासल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये.

भारतात या विषयाचे वळण वेगळे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, म्हणून शॉटगन इथे प्रामुख्याने दोन रूपांत उरली: तबकड्यांच्या खेळात आणि शेतसंरक्षणाच्या परवान्यावर. बिकानेरचे महाराजा डॉ. करणी सिंह पाच ऑलिंपिकमध्ये खेळले आणि १९६२ च्या कैरोतल्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक जिंकले. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांचे डबल ट्रॅपमधले रौप्य, २००६ मध्ये मानवजितसिंह संधू यांचे ट्रॅपमधले जागतिक विजेतेपद; एवढ्या मोठ्या परंपरेत दस्त्याची चर्चा मात्र बहुतेक वेळा ज्याला परदेशी कारखान्यात जाऊन माप देणे परवडते त्याच्यापुरतीच राहते. दिल्लीच्या तुघलकाबादला डॉ. करणी सिंह रेंजवर जानेवारीच्या सकाळी स्वेटर आणि जाकीट घालून मारणारा आणि मे महिन्यात पातळ टी-शर्टवर मारणारा खेळाडू एकच असला तरी खांद्यावरच्या कापडाची जाडी बदलते, आणि तीही लांबीतच मोजावी लागते.

कोकणात ज्यांच्याकडे शेतसंरक्षणाची बंदूक आहे, त्यांच्याकडे ती अनेकदा वडिलांकडून, आजोबांकडून येते, परवान्यासकट. ठासणीची असो की काडतुसाची, दस्ता आजोबांच्याच मापाचा. तिथे फिटिंगची चैन कुणी करत नाही, आणि जवळून मारायचे असल्याने चालूनही जाते. वर म्हटलेली जुळवून घेणारी माणसे ती हीच, आणि त्यांचे म्हणणे वीस मीटरच्या आत बऱ्याच अंशी खरेही आहे: त्या अंतरावर तीन मिलिमीटरची चूक सहा-सात सेंटिमीटरची होते. पस्तीस-चाळीस मीटरच्या वेगवान तबकडीवर त्यांचे उदाहरण लागू पडत नाही.

काश्मीरचे अक्रोडाचे लाकूड आणि श्रीनगरच्या जुन्या बंदूककारांचे हात देशातच आहेत. सरकारी आणि खासगी रेंजवर एक-दोन ट्राय गन, एक पांढरी पाटी आणि दस्ता कोरणारा एक माणूस, एवढे असले तरी आपल्या कुमार नेमबाजांचे पुष्कळ काम होईल. वाढत्या वयातल्या मुलाला अचूक दस्ता करून देऊ नये. सरकता कॉम्ब असलेला, किंचित आखूड दस्ता द्यावा आणि उंची वाढेल तशा मागे पट्ट्या लावत जावे. दर सहा महिन्यांनी त्याला पाटीवर उभे करावे. फक्त पट्टी लावून थांबू नये. दस्ता लांबला की डोके कॉम्बवर मागे सरकते, कॉम्ब मागे उतरता असतो, म्हणून गाल खाली येतो आणि डोळाही. लांबीत एक सेंटिमीटर वाढवला, तर त्याच दिवशी ड्रॉप पुन्हा तपासायचा आणि डोळा जितका खाली आला तितकाच कॉम्ब वर घ्यायचा.